पाऊस लागण्याआधी: दम्याच्या मुलाच्या घरची तयारी

मे संपत आला की गोव्यातल्या चिंबल, बायणा, मोतीडोंगरावरच्या भाड्याच्या खोल्यांत ताडपत्री, छत्र्या निघतात. घरात दम्याचं मूल असेल तर त्याच दिवशी पंपही काढून बघावा.

धाप लागल्यावरच्या सालब्युटामॉलच्या पंपात साधारण २०० पफ असतात. पंपावर उरलेल्या पफचा आकडा दिसत नसेल तर वापरलेल्या प्रत्येक पफची रेघ कॅलेंडरवर मारा. डबी हलवून किंवा पाण्यात तरंगवून काही कळत नाही. औषध संपलं तरी आतला वायू फुसफुसतो आणि आईला वाटतं, औषध गेलं. पंप बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-चार पफ हवेत सोडा. दमा आटोक्यात ठेवायला रोज घ्यायचा आणि हा धाप लागल्यावरचा, अशा दोन्ही पंपांवर मार्करने ‘रोजचा’ आणि ‘धापेचा’ असं लिहा, रंगावर जाऊ नका.

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. तिच्याशिवाय बरंचसं औषध घशातच अडकतं. विकतचा स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या. बुडावर पंपाचं तोंड ठेवून रेघ ओढा, रेघेच्या किंचित आतून तापलेल्या सुरीच्या टोकाने भोक पाडा, पंप घट्ट बसवा आणि फटीवर टेप लावा. मूल बाटलीच्या तोंडाने श्वास घेतं. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून ती तशीच वाळवायची. फडक्याने पुसली की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. ओठ घट्ट न मिटणाऱ्या लहानग्याला मात्र मास्कवालाच स्पेसर हवा.

रोजचा पंप पावसाळ्यात मूल बरं दिसलं म्हणून आईबापांनी आपल्या मनाने बंद करायचा नाही. बहुतेक घोटाळा इथेच होतो. ‘सवय लागते’ हे खरं नाही. तो घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, भिंतीवरची बुरशी मूल बाहेर असताना पुसा. मच्छर कॉइलऐवजी मच्छरदाणी. न्हाणीचं पाणी तापवायला सोडणं-चुडत्या (नारळाची सालं-झावळ्या) पेटवत असाल तर तेवढा वेळ मूल लांब ठेवा. दिवाळीत नरकासुर जाळतात त्या पहाटेही तेच.

शाळेत पंप ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद नको, दप्तरात हवा. आणि शिक्षकांकडे, धाप लागली तर काय करायचं ते लिहिलेला डॉक्टरांच्या सहीचा कागद.

धाप लागली तर मुलाला बसवा, आडवं करू नका. पंप हलवा, एक पफ, स्पेसरमधून पाच-सहा श्वास; मग पुन्हा हलवून पुढचा. कागदावर वेगळं लिहिलं नसेल तर असे चार पफ. २० मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार द्या आणि दवाखाना गाठा. वाक्य तुटतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर झालेत, तर २० मिनिटं थांबायचं नाही: लगेच १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत पफ देत राहा.