जपलेली स्पोर्ट्‌स कार थेट गिऱ्हाइकाला विकताना

अशी गाडी बघायला येणारा माणूस आधीच तिच्यावर भाळलेला असतो. मनात धास्ती एकच: आधीच्या मालकाने ही पिदडली तर नसेल? ती धास्ती चकचकीत रंगाने जात नाही, कागदांनी जाते. म्हणून पॉलिशच्या आधी फाईल हातात घ्या.

सगळी बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकावर किलोमीटर दिसतील असं बघा. ऑइल कोणत्या ग्रेडचं घातलं, क्लच कधी बदलला, इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला. ब्रेक फ्लुइडचंही बिल हवं. ते हवेतली ओल शोषतं, त्याने उकळबिंदू खाली येतो आणि जोरात ब्रेक वापरले की पेडल मऊ पडतं. दर २ वर्षांनी ते बदललेलं दिसलं की जाणकाराचा जीव निम्मा भांड्यात पडतो. मध्ये खंड असेल, गाडी वर्षभर नुसती उभी असेल, तर त्याने विचारायच्या आधी तुम्हीच ते लिहून ठेवा.

टायर नवे वाटले तरी तारीख वाचा. टायरच्या बाजूवर DOT (डॉट) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघायचे: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर असूनही ७-८ वर्षांचं रबर कडक होतं, पकड कमी होते. आतली कड हाताने चाचपा. ती उभ्याने दिसत नाही, पण अलाइनमेंट बिघडली की बहुतेक वेळा तीच आधी झिजते.

चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर दोष दुरुस्त करा, कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला दोषाचा कोड नुसता पुसू नका. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही अपूर्ण दिसू लागतात आणि त्या पुऱ्या व्हायला बरंच चालवावं लागतं. गिऱ्हाइकाने ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावला की ते लगेच उघडं पडतं. पोर्शच्या बऱ्याच मॉडेलांत इंजिन मर्यादेपलीकडे किती फिरलं याची नोंदही कॉम्प्युटरमध्ये राहते. तो अहवाल काढून फायलीत लावला तर अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

पुढच्या बंपरवर खडे लागून उडालेले टवके तसेच राहू द्या. विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा रंग संशयच वाढवतो. पूर्वी एखादा पॅनल रंगवला असेल तर आधीच सांगा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र तो फरक दाखवतंच. रिमच्या कडा खरचटलेल्या असतील तर त्या मात्र करून घ्या. सायलेन्सर किंवा स्प्रिंग बदलले असतील आणि मूळचे जपून ठेवले असतील, तर मूळचेच परत बसवा. मूळ स्थितीतल्या गाडीला गिऱ्हाईक जास्त मिळतं.

फोनची वाइड लेन्स जवळून वापरली की फोटोत गाडीचं नाक फुगतं. पाच-सहा पावलं मागे जा, २-३ पट झूम करा, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला धरा. ऊन कोवळं असताना ३०-४० फोटो काढा. त्यात सीटची घासलेली बाजू, गाडीचा तळ आणि प्रत्येक टवका आलाच पाहिजे. किंमत ठरवताना तेच साल, तोच गिअरबॉक्स आणि तेवढेच किलोमीटर असलेल्या गाड्या बघा. जाहिरातीतला आकडा ही मागणी असते, सौदा नव्हे.

भेटीच्या दिवशी इंजिन थंडच ठेवा. बॉनेटला हात लावल्यावर ते कोमट लागलं की पहिलाच विश्वास जातो, कारण निळा धूर किंवा इंजिनातल्या टायमिंग चेनची खडखड थंड इंजिन सुरू करतानाच नीट कळते.

परवाना बघितल्याशिवाय आणि दुसऱ्याने चालवलेलं विम्यात बसतं का हे तपासल्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह देऊ नका. आधी तुम्ही चालवा, ऑइल गरम होऊ द्या. जागा बदलताना इंजिन बंद करून किल्ली खिशात घ्या, मगच उतरा; गाडी पळवणारे नेमका हाच क्षण साधतात. गिऱ्हाइकाला बाहेरच्या मेकॅनिककडून तपासणी हवी असेल तर खुशाल हो म्हणा. गॅरेज त्याचं, खर्चही त्याचा, पण तिथवर गाडी तुम्ही न्या.

पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट मानू नका. आपल्या बँकेत रक्कम दिसली आणि बँकेने खात्री दिली की मगच किल्ल्या द्या. पावती दोन प्रतींत करा, तीत तारीख, वेळ, किलोमीटर आणि चॅसिस नंबर लिहा. मालकी बदलल्याची नोंद नोंदणी कार्यालयात तुम्हीही लगेच कळवा, नाहीतर पुढचे दंड तुमच्या नावावर येतात. विमा ही नोंद झाल्यावरच बंद करा.

दुसरी किल्ली आणि चाकांच्या लॉक-नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटची) सॉकेट आठवणीने द्या. ती सॉकेट नसली तर पंक्चरच्या वेळी नवा मालक रस्त्यावर अडकतो. गाडी हातातून जाण्याआधी नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता, जोडलेले फोन आणि ॲपवरचं खातं पुसा.