‘टेक’ म्हणजे नेहमीच ‘अल्मक’ नव्हे: तुर्की विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

तुर्की भाषकाला इंग्रजीतला ‘टेक’ हा शब्द भेटतो तो बहुधा एखाद्या शब्दसूचीत, आणि त्याच्यासमोर एकच तुर्की क्रियापद लिहिलेले असते: ‘अल्मक’, म्हणजे घेणे. ही जोडी खोटी नाही. टेबलावरचे पुस्तक घ्यायला सांगायचे असेल, तर तुर्कीतले ‘अल’ आणि इंग्रजीतले ‘टेक’ एकमेकांच्या जागी अगदी चपखल बसतात. अडचण त्यानंतर सुरू होते. जिथे जिथे तुर्कीत ‘अल्मक’ येते तिथे तिथे विद्यार्थी ‘टेक’ लिहितो, आणि जिथे इंग्रजीला ‘टेक’ हवे असते पण तुर्कीत दुसरेच क्रियापद असते, तिथे हा शब्द त्याला सुचतच नाही.

गेली काही वर्षे मी इझमीर आणि अंकारा येथील प्रौढ विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. त्यांचे लेखन तपासताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, यांतल्या कित्येक चुका मराठी शिक्षकाच्या कानाला खटकतच नाहीत. आपले ‘घेणे’ हे ‘अल्मक’च्या इतके जवळचे आहे की, विद्यार्थ्याची चूक आपल्याला ओळखीची वाटते आणि म्हणूनच ती सुटून जाते. श्वास घेणे, सूड घेणे, धोका पत्करणे, गांभीर्याने घेणे या सगळ्या ठिकाणी तुर्की माणूस ‘अल्मक’च वापरतो. तेव्हा हा लेख तुर्की विद्यार्थ्यांच्या चुकांविषयी असला, तरी तो शिकवणाऱ्या मराठी माणसाने आधी स्वतःच्या कानासाठी वाचावा.

‘टेक’ नको असताना येते तेव्हा

‘आय टुक टोमॅटोज फ्रॉम द मार्केट’ हे वाक्य घ्या. मंडईतून टोमॅटो घेतले, असे आपण सहज म्हणतो, आणि तुर्कीतही विकत घेण्याला ‘अल्मक’च म्हणतात. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र यातून फक्त उचलून आणणे कळते, पैसे दिल्याचे कळत नाही. हीच गत ‘आय टुक युअर मेसेज’ची आणि ‘आय टेक माय सॅलरी ऑन द फर्स्ट’ची. निरोप आला, पगार मिळाला, यात घेणाऱ्याने हात पुढे केलेला नसतो. मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावते. पैसे मोजले का? मग ‘बाय’. वस्तू आपण होऊन तुमच्याकडे आली का? मग ‘गेट’ किंवा ‘रिसीव्ह’. तुम्ही स्वतः हात घालून उचललीत का? तरच ‘टेक’. हा नियम प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही, पण पहिल्या वर्षातल्या चुकांचा मोठा भाग याने निघून जातो.

विमानतळाचे उदाहरण अधिक अवघड आहे. पाहुण्याला आणायला जाणे, मुलीला शाळेतून घरी आणणे, या दोन्हींसाठी तुर्कीत ‘अल्मक’ चालते. म्हणून विद्यार्थी परदेशी सहकाऱ्याला अत्यंत अगत्याने लिहितो, ‘आय विल टेक यू फ्रॉम द एअरपोर्ट’. इथे ‘पिक अप’ हवे. शाळेच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो, कारण ‘टेक’च्या पुढे ‘आउट ऑफ स्कूल’ आले की मुलीचे नाव शाळेतून काढून घेतल्याचा अर्थ निघू शकतो. दुपारी साडेतीनला मुलीला आणायचे आहे म्हणून कामावरून लवकर निघण्याची परवानगी मागणाऱ्या आईच्या ईमेलमध्ये हे वाक्य किती गैरसमज करील, याची कल्पना करावी.

परीक्षेच्या गुणांविषयीचे एक वाक्य मी जवळजवळ प्रत्येक नव्या तुकडीत वाचते: ‘आय टुक अ हाय नोट फ्रॉम द एक्झाम’. यात एकावर एक रचलेल्या तीन चुका आहेत. तुर्कीत ‘नोट’ म्हणजे टिपण आणि ‘नोट’ म्हणजेच परीक्षेतले गुणही. इंग्रजीत तो शब्द टिपणापुरताच राहतो, गुणांसाठी ‘मार्क’ किंवा ‘ग्रेड’ लागतो. गुण मिळतात, म्हणून ‘टुक’च्या जागी ‘गॉट’ हवे. आणि तुर्कीत गुण परीक्षेतून, म्हणजे पंचमीने, येतात. इंग्रजीत ते परीक्षेत मिळतात, म्हणून ‘फ्रॉम’ऐवजी ‘इन’. शिक्षक अनेकदा फक्त ‘नोट’वर लाल रेघ मारतो आणि मग पुढच्या आठवड्यात ‘टुक अ हाय मार्क फ्रॉम’ असे अर्धे दुरुस्त वाक्य परत येते. तिन्ही दुरुस्त्या एकदमच दाखवाव्यात: ‘आय गॉट अ हाय मार्क इन द एक्झाम’.

‘इझिन’ हा तुर्की शब्द परवानगी आणि रजा या दोन्ही अर्थांनी चालतो. परिणामी, उद्याची रजा टाकलेला माणूस ‘आय टुक परमिशन टुमॉरो’ असे लिहितो. रजा असेल तर ‘आय हॅव टेकन टुमॉरो ऑफ’, परवानगी असेल तर ‘आय गॉट परमिशन’.

‘टेक प्लेस’: सर्वांत फसवी जोडी

ही चूक चांगल्या विद्यार्थ्यांची आहे, आणि म्हणूनच ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तुर्कीत ‘येर’ म्हणजे जागा आणि ‘येर अल्मक’ म्हणजे शब्दशः जागा घेणे. त्याचा अर्थ एखाद्या ठिकाणी असणे, एखाद्या यादीत, संघात किंवा कार्यक्रमात समाविष्ट असणे. वर्तमानपत्रांच्या आणि माहितीपत्रकांच्या तुर्कीत हा प्रयोग सतत भेटतो. इंग्रजीतल्या ‘टेक प्लेस’चे दोन्ही शब्द तेच, पण अर्थ घडणे, पार पडणे. त्यामुळे अंकाऱ्यातल्या अनातोलियन संस्कृती संग्रहालयाविषयी लिहिताना विद्यार्थी लिहितो की, हित्ती काळातील शिल्पे संग्रहालयात ‘टेक प्लेस’, आणि पुढे संग्रहालयही अंकाऱ्यात ‘टेक्स प्लेस’.

शब्दकोश उघडून ही चूक सापडत नाही, कारण प्रत्येक शब्द सुटा सुटा बरोबरच असतो. उपाय एकच: कर्ता कोण आहे ते पाहावे. परिषद, निवडणूक, लग्न, सामना यांसारखी घटना असेल तर ‘टेक प्लेस’ चालेल. शिल्प, इमारत, गाव असेल तर चालणार नाही. तिथे ‘इज’ किंवा ‘इज लोकेटेड’ लिहावे. माणसाने एखाद्या उपक्रमात भाग घेतला असेल तर ‘टेक पार्ट’. शिल्प आणि परिषद अशी दोनच नामे फळ्यावर समोरासमोर लिहिली, की बहुतेकांना फरक कळतो.

‘टेक’ हवे असताना येत नाही तेव्हा

तुर्कीत निर्णय दिला जातो: ‘करार वेर्मेक’. ‘वेर्मेक’ म्हणजे देणे, आणि हा ‘करार’ मूळच्या त्याच अरबी शब्दापासून आला आहे ज्यापासून आपला ‘करार’ आला. आपल्याकडे त्याचा अर्थ ठराव-समझोता झाला, तिकडे निर्णय. म्हणून विद्यार्थी ‘आय गेव्ह अ डिसिजन’ लिहितो. मराठीत न्यायालय निर्णय देते आणि आपण निर्णय घेतो, हा भेद स्पष्ट आहे. वैयक्तिक निर्णयासाठी इंग्रजीत ‘मेक’ सर्वत्र चालते आणि ब्रिटिश वापरात ‘टेक’ही. विश्रांतीचेही तसेच. तुर्कीत ‘मोला’ किंवा ‘आरा’ दिली जाते, त्यामुळे तासाच्या मध्यावर ‘लेट्स गिव्ह अ ब्रेक’ ऐकू येते. ‘लेट्स टेक अ ब्रेक’ हे बरोबर. शिवाय ‘गिव्ह मी अ ब्रेक’ हा इंग्रजीत वैतागाचा उद्गार आहे, ‘पुरे कर आता’ अशा सुराचा, हेही त्यांना सांगून ठेवावे.

परीक्षेपाशी मराठी शिक्षकाने विशेष सावध राहावे. तुर्की विद्यार्थी परीक्षेत शिरतो: ‘गिर्मेक’ म्हणजे आत जाणे, आणि म्हणून तो ‘आय एंटर्ड द एक्झाम’ लिहितो. आपण परीक्षा देतो, आणि म्हणून आपल्यापैकी कित्येकजण आयुष्यभर ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतात. प्रमाण ब्रिटिश-अमेरिकन इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो, म्हणजे आपल्या नेमके उलट. विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करताना आपण आपली चूक त्याच्या हाती दिली, तर तो आणखी गोंधळेल, कारण तुर्कीत एखादा विषय ‘वेर्मेक’ याचा एक अर्थ त्यात उत्तीर्ण होणे असाही होतो. ‘आय गेव्ह मॅथ्स’ म्हणताना त्याच्या मनात वेगळेच असू शकते.

बाकीच्या जोड्या लवकर सुटतात. फोटो तुर्कीत ओढला जातो, टॅक्सी धरली जाते, औषध प्यायले जाते, मग ती गोळी का असेना, आणि पाऊल आपल्यासारखेच टाकले जाते; इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘टेक’ बसते. बुटांचे मात्र वेगळे सांगावे लागते. तुर्की घरात दारापाशीच बूट काढतात आणि त्यासाठीचे ‘चिकार्मक’ हे क्रियापद पिशवीतून वस्तू बाहेर काढण्यासाठीही तेच असते. म्हणून ‘टेक आउट युअर शूज’ हे वाक्य वारंवार येते. अंगावरचे असेल तर ‘ऑफ’, आतले असेल तर ‘आउट’.

वेळ लागणे

इथे मराठी माणसाचे पारडे जड आहे. तुर्कीतले ‘सुर्मेक’ हे क्रियापद प्रवासालाही लागते आणि चित्रपटालाही. इंग्रजीत प्रवास ‘टेक्स’ आणि चित्रपट ‘लास्ट्स’. मराठीत हा भेद तयारच आहे: प्रवासाला वेळ लागतो, चित्रपट तेवढा वेळ चालतो. २००९ साली सुरू झालेल्या अंकारा–एस्किशेहिर वेगवान रेल्वेने सुमारे दीड तास लागतो, हे सांगताना विद्यार्थी ‘द ट्रेन कंटिन्यूज’ असे लिहितो. ‘द जर्नी टेक्स’ हवे.

दुसरी चूक फार बारीक आहे. तुर्कीत गृहपाठ ‘माझे दोन तास’ घेतो, तिथे तासांनाच स्वामित्वदर्शक प्रत्यय लागतो. त्यामुळे ‘द होमवर्क टुक माय टू अवर्स’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीत ‘टुक मी टू अवर्स’. मराठीत ‘मला दोन तास लागले’ म्हणताना आपण जो ‘मला’ वापरतो, तोच हा इंग्रजी ‘मी’ (me). तासांवर मालकी सांगायची नाही. तुर्कीत ‘बाना’ म्हणजे मला. तो शब्द दाखवून हे समजावले की पटकन पटते, जरी या वाक्यात तुर्की माणूस तो वापरत नसला तरी.

‘घेतलंस का?’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे आणि तुर्कीतले ‘अल्दिन मि?’ तेवढेच पूर्ण. इंग्रजीत ‘डिड यू टेक?’ अर्धवट राहते. ‘इट’ किंवा वस्तूचे नाव घालण्याची सवय तोंडी सरावानेच लागते. लिहून घेऊन ती लागत नाही.

वही कशी ठेवावी

तुर्कस्तानातील वायडीएस या परकीय भाषेच्या परीक्षेत ८० बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यामुळे तिची तयारी करणारे अनेकजण ‘टेक’ची लांबलचक यादी पाठ करतात, समोर पर्याय असले की योग्य तो ओळखतात, पण स्वतः वाक्य रचताना पुन्हा ‘अल्मक’कडे वळतात. क्रियापदाखाली नामांची यादी करण्याऐवजी प्रत्येक नामाला स्वतंत्र ओळ द्यावी. डावीकडे तुर्की नाम त्याच्या तुर्की क्रियापदासह, उजवीकडे इंग्रजी नाम त्याच्या इंग्रजी क्रियापदासह. ‘मोला – वेर्मेक’, ‘ब्रेक – टेक’. ‘सिनाव – गिर्मेक’, ‘एक्झाम – टेक’. ‘नोट – अल्मक’, ‘मार्क – गेट’. दोन्ही बाजूंची क्रियापदे जिथे जुळत नाहीत, त्या ओळींवर खूण करावी आणि फक्त त्यांचाच सराव करावा. जुळणाऱ्या ओळी आपोआप येतात.

एक ओळ मात्र या वहीत उजवीकडे कोरीच ठेवावी लागते. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना, दुकानात शिरताना, रस्ता झाडणाऱ्याला पाहून तुर्की माणूस ‘कोलाय गेल्सिन’ म्हणतो, म्हणजे तुझे काम सोपे जावो. हे इंग्रजीत सांगू पाहणारे विद्यार्थी हमखास ‘टेक इट इझी’ म्हणतात, आणि घाम गाळत असलेल्या माणसाला ते ‘जरा दमाने घे, एवढे मनावर घेऊ नकोस’ असे ऐकू येते. याला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही. मी त्यांना तिथे साधे ‘हॅलो’ म्हणायला सांगते, आणि त्यांना ते अपुरे वाटते हे मला समजते.