पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी घड्याळ कसं वापरावं: गोव्याच्या दमट हवेतला सराव

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. न थांबता पाच किलोमीटर धावता येत असेल आणि हाताशी १२ ते १६ आठवडे असतील, तर तयारी सुरू करायला हरकत नाही. गोव्यात हे गणित छान जमतं. चवथीच्या आसपास सुरुवात केली की डिसेंबरातल्या शर्यतींपर्यंत, म्हणजे वास्कोच्या गोवा रिव्हर मॅरेथॉनपर्यंत, अंतर गाठता येतं. चाळिशी उलटली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा छातीची काही तक्रार असेल, तर पहिली पायरी डॉक्टरांकडे.

काय घ्यायचं

जीपीएसचं, बटणं असलेलं घड्याळ आणि ठोके मोजणारा छातीचा पट्टा. एवढंच. बटणांचा आग्रह एवढ्यासाठी की घामाने निथळणाऱ्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. पैसे बेताचे असतील तर घड्याळ स्वस्तातलं घ्या, पण पट्टा सोडू नका. गाणी ऐकायचीच असतील तर कान उघडे ठेवणारे, बोन कंडक्शनचे इयरफोन. आपल्याकडचे गावातले रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, आणि पहिली बस पहाटेच सुटते.

अंतर नीट मोजून घ्या

घराच्या पडवीतून बाहेर पडता पडता बटण दाबू नका. उघड्या आकाशाखाली उभं राहून उपग्रह सापडल्याची खूण दिसू द्या, मग धावा. घड्याळ किती खरं बोलतं ते रायबंदरच्या जुन्या बांधरस्त्यावर रविवारी पहाटे तपासा. तिथे डोक्यावर काही नाही, रस्ता सरळ आणि सपाट आहे. पणजीच्या अठरा जून मार्गावर इमारतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे तेच घड्याळ तुम्हाला दुकानांमधून धावताना दाखवेल. आणि क्षणाक्षणाचा पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात तो आकडा, पडद्यावरून काढूनच टाका. तो सतत उड्या मारतो. त्या जागी चालू लॅपचा, म्हणजे चालू किलोमीटरच्या टप्प्याचा, सरासरी पेस ठेवा.

ठोके: खरी अडचण इथे आहे

मला सगळ्यांत जास्त झगडावं लागलं ते याच टप्प्यावर, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट, मनगटावरच्या आकड्यावर विसंबू नका. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीखालच्या रक्ताचा चढउतार प्रकाशाने टिपतात. धावताना हातही ठेक्यात हलतो, मिनिटाला १६०-१७० पावलांच्या ठेक्यात, आणि सेन्सर तो पावलांचा ठेकाच ठोके म्हणून दाखवू लागतो. ओळखायचं कसं? आलेख १३५ वरून एका झटक्यात १६८ वर जातो आणि तिथेच आडवा पडतो. खरं हृदय असं वागत नाही. दोनापावलाच्या एनआयओ सर्कलवरून गोवा विद्यापीठाकडे चढायला लागलात की ठोके हळूहळू चढतात आणि उतारावर हळूहळूच उतरतात. शंका आली तर थांबा, मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. पट्टा नसेलच तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा हृदयाचे विजेचे संकेत पकडतो, म्हणून तो भरवशाचा. फक्त बांधण्याआधी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा. कोरड्या पट्ट्यावर पहिली पाच-दहा मिनिटं काहीही आकडे येतात.

दुसरी गोष्ट, घड्याळाने दिलेले झोन, म्हणजे हलक्या ते जोरदार धावण्याचे ठोक्यांचे टप्पे, जसेच्या तसे वापरू नका. ‘२२० वजा वय’ हे सूत्र डोळे झाकून सांगणारे भरपूर भेटतील. चाळिशीच्या माणसाला ते कमाल ठोके १८० सांगतं. प्रत्यक्षात कुणाचे १६८ असतात, कुणाचे १९२. एवढ्या फरकावर झोन उभारले तर एकजण रोज दमून घरी येईल आणि दुसऱ्याची उगीचच रांगत प्रगती होईल. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर कोणतंच सूत्र लागू पडत नाही, कारण ते औषध ठोके चढूच देत नाही.

मर्यादा बोलण्यावरून ठरवा. सावकाश धावायला लागा आणि मोठ्याने बाराचा पाढा म्हणा: बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस. एका दमात तीन ओळी आरामात निघतात तोवर तुम्ही हलक्या वेगात आहात. दर काही मिनिटांनी वेग जरा वाढवा. एका ओळीनंतर श्वास घ्यावा लागला, की त्या क्षणी पट्ट्यावरचा आकडा बघा. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा करा. आकडे जवळपास सारखेच येतील. त्यातून पाच ठोके कमी करा आणि घड्याळात तोच इशारा लावा. आठवड्यातलं बहुतेक धावणं या रेषेखालीच झालं पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची, आणि कोरड्या थंड गावांतल्या लोकांनी लिहिलेल्या वेळापत्रकांत ती नसते. ऑक्टोबरात मिरामार ते दोनापावला पहाटे धावा. ऊन नसतं, पण हवा त्याच वेळी सर्वांत दमट असते. घाम वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. शरीर रक्त कातडीकडे वळवतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, दर ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय जास्त वेळा धडधडतं. दुसऱ्या किलोमीटरला १३५ असलेले ठोके, वेग तोच ठेवूनही, आठव्या किलोमीटरला सहज १५० ला टेकतात. अशा वेळी इशारा बंद करून पुढे रेटणारे मी खूप पाहिले आहेत. तसं करू नका. वेग सोडा, गरज पडली तर अर्धा मिनिट चाला, ठोके खाली येऊ द्या. सलग धावत राहिलात तर दोनेक आठवड्यांत शरीर या हवेला सरावतं आणि त्याच ठोक्यांवर वेग आपोआप सुधारतो. उकाड्यात घड्याळ तुमचा फिटनेस ‘घटला’ म्हणालं तर तिकडे बघू नका. शर्यतीची अंदाजे वेळ सांगणारा पडदाही पहिल्या वेळेस लपवूनच ठेवा.

बाकीचं

आठवड्यात चार दिवस धावा. त्यातला एक लाँग रन आठ किलोमीटरपासून हळूहळू सतरा-अठरापर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा.

पाण्यासाठी घरचा वजनकाटा पुरतो. लाँग रनच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे जेवढं प्यायलात त्याहून सुमारे एक लिटर जास्त गेलं. तासाभरापेक्षा जास्त धावताना थोडं थोडं ओआरएस घ्या. नुसतं पाणी लोटीच्या लोटी पिणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पीत आहात.

घड्याळ आणि पट्टा प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुऊन वाळवा, घामाच्या मिठाने चार्जिंगच्या पिना खराब होतात.

शर्यतीचा दिवस

रात्री पूर्ण चार्ज. ऑटो पॉज (थांबलात की घड्याळही आपोआप थांबणं) बंद, ऑटो लॅपही (घड्याळाने आपल्याच मोजणीने दर किलोमीटरला लॅप पाडणं) बंद. लॅपचं बटण प्रत्येक किलोमीटरच्या फलकाशी स्वतः दाबा. रीतसर मोजलेला मार्ग वळणांच्या आतल्या, जवळच्या रेषेने मोजतात आणि तुम्ही गर्दीतून बाहेरच्या बाजूने धावता. त्यामुळे शेवटी घड्याळात २१.४ दिसणं नेहमीचंच. अडीच तासांत संपवायचं तर खरा पेस किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद हवा, पण ऑटो लॅपच्या भरवशावर धावलात तर घड्याळात ७:०० दिसावा लागतो. हे न कळल्याने शेवटच्या किलोमीटरला लोक विनाकारण हबकतात.

सुरुवातीला ठोके नेहमीपेक्षा वर असतील, तो उत्साहाचा भाग आहे. पहिले सहा किलोमीटर आकड्याऐवजी पाढ्यावर विसंबा. वेळ टिपणारी शेवटची चटई ओलांडून पुढे गेल्यावरच घड्याळ थांबवा. तुमची अधिकृत वेळ बिबवरची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदावरची, चिप नोंदवते, त्यासाठी रेषेवर मान खाली घालून बटण शोधत बसायची गरज नाही.