भिंतीवर लावायच्या डिझाइनवाल्या काँक्रीट टाइल्स घरी कशा ओतायच्या

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, टाइल आपण उलटी ओततो. साच्याच्या तळाला जे आहे तो उद्या भिंतीवर दिसणारा चेहरा, आणि वर जे उघडं दिसतंय ती मागची बाजू, तिकडे कोणी ढुंकून बघणार नाही. मी पहिल्या खेपेला हेच विसरलो. वरची बाजू अर्धा तास थापीने घोटून आरशासारखी केली, आणि साचा काढून पाहतो तर पुढून बुडबुड्यांची नुसती चाळण. दोन्हीकडून फसलो, कारण मागची बाजू अशी गुळगुळीत असली की टाइल अ‍ॅडेसिव्ह पण नीट धरत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. सिमेंट "वाळतं" असं आपण बोलतो पण ते वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. त्या क्रियेत सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणीच बांधलं जातं, बाकीचं आपण माल हलवायला सोपा जावा म्हणून घालतो. ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, जाताना मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवतं आणि टाइल आक्रसवतं. म्हणून कालवताना पाण्यात कंजूसपणा, आणि ओतून झाल्यावर मात्र ओलावा अजिबात सुटू द्यायचा नाही. टाइल बिघडते ती बहुतेक वेळा ह्या दोनपैकी एका ठिकाणी.

आता साचा. सपाट किंवा भौमितिक टाइल हवी असेल तर लॅमिनेट मारलेला प्लाय किंवा अ‍ॅक्रेलिक शीट घ्या, कडेला पट्ट्या स्क्रूने लावा म्हणजे उघडता येतात, आणि सगळे कोपरे सिलिकॉन सीलंटने भरून बोट फिरवा. तळ जसा असेल तसाच चेहरा येतो हे लक्षात ठेवा, चकचकीत अ‍ॅक्रेलिकवर चकचकीत, मॅट प्लायवर मॅट, आणि अ‍ॅक्रेलिकवर एक ओरखडा असेल तर तो प्रत्येक टाइलवर इमानदारीत उमटणार.

उठावाचं डिझाइन असेल तर ओतीव सिलिकॉन रबरचा साचा. हे सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं, प्लॅटिनम आणि टिन, नावं त्याला सेट करणाऱ्या रसायनावरून. आधी एक मूळ नमुना करायचा, एमडीएफ कापून, प्लास्टरमध्ये कोरून किंवा मातीत, जसं जमेल तसं. डिझाइनच्या उभ्या कडा अगदी सरळ ९० अंशात ठेवू नका, ३ ते ५ अंश तिरप्या ठेवा, नाहीतर टाइल काढताना कडांचे टवके उडतात. एमडीएफ आणि प्लास्टर पाणी पितात, त्यांना वॉर्निशचे दोन तीन हात मारून बंद करा. मातीचा नमुना असेल तर एक सापळा आहे. काही मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं आणि प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन गंधकाला लागलं की तिथे सेटच होत नाही, चिकट ओघळ तसाच राहतो. लेटेक्सच्या ग्लोव्हजनेही हेच होतं, नायट्राइलचे वापरा. टिन प्रकारचं सिलिकॉन ह्या बाबतीत सोशिक आहे, पण ते काळाने थोडं आक्रसतं आणि साचा लवकर म्हातारा होतो. दहा बारा टाइल्स करायच्या असतील तर टिन चालेल, अख्खी भिंत असेल तर प्लॅटिनम घ्या.

सिलिकॉन ओतताना थेट डिझाइनवर ओतायचं नाही. एका कोपऱ्यात, उंचावरून, बारीक धारेने ओता आणि ते स्वतःहून पसरत वर चढू द्या, तसं केलं की हवा पुढे ढकलली जाते. नमुन्याच्या सर्वात उंच भागावर निदान १ सेंटीमीटर थर यायला हवा. आणि हो, नमुन्यावरून साचा घेताना डिझाइन सरळच राहतं पण तुम्ही डायरेक्ट साच्यात कोरणार असाल तर आरशातल्यासारखं उलटं कोरावं लागतं, अक्षरं असतील तर दोनदा तपासा.

मालाचा हिशोब वजनाने करा, मगाने किंवा डब्याने नको, वाळू ओली की कोरडी ह्यावर डब्यातलं माप बदलतं. माझं प्रमाण असं, सिमेंट १ किलो, बारीक चाळलेली कोरडी वाळू १ किलो, पाणी ३३० ग्रॅम. एवढ्याचा साधारण १ लिटर माल होतो, म्हणजे २० बाय २० सेंटीमीटरच्या १२ मिलिमीटर जाड दोन टाइल्स. तुमचा साचा वेडावाकडा असेल तर त्यात पाणी भरा आणि ते पाणी वजन करा, जितके ग्रॅम तितके घन सेंटीमीटर, झालं माप. त्यावर थोडा जास्तीचा माल धरा कारण बादलीला पण काही चिकटून राहतंच.

३३० ग्रॅम पाण्यात हा माल तुम्हाला कोरडा आणि हट्टी वाटणार, हात शिवशिवणार की अजून थोडं घालू, आणि इथेच बरेच जण घसरतात. त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर घाला, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन, पीसीई (पॉलीकार्बोक्सिलेट इथर) प्रकारचं, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा सिमेंटच्या १ टक्क्याच्या आतच भागतं. घातल्यावर मिनिटभर काही होत नाही, मग अचानक तोच माल शाम्पूसारखा ओघळायला लागतो. पहिल्यांदा बघताना खरंच जादू वाटते! पण जास्त झालं तर वाळू खाली बसते आणि वर पाणी तरंगतं, त्यामुळे थेंबाथेंबाने.

पातळ टाइलला आतून धरून ठेवायला ग्लास फायबर घालतात पण ते एआर ग्लास म्हणजे अल्कली सहन करणारंच पाहिजे. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, त्यात साधी काच काळाने खाल्ली जाते. फायबर सगळ्या मालात मिसळू नका, पुढच्या बाजूला केसांसारखे तंतू दिसतात. फक्त मागच्या थरात घाला, सिमेंटच्या २ टक्के वगैरे.

रंगासाठी पांढरं सिमेंट घ्यायचं का? पिवळा, गुलाबी, निळा, हलका हिरवा हवा असेल तर हो, करड्या सिमेंटमध्ये हे रंग मळकट होतात. काळा, गडद तपकिरी, विटकरी करड्यात पण छान येतात. पिगमेंट म्हणजे रंगाची पूड आयर्न ऑक्साइडची घ्या, हिरव्याला क्रोमियम ऑक्साइड, निळ्याला कोबाल्ट ब्लू, हे अल्कलीत टिकतात. पोस्टर कलर वगैरे घालायचा विचारही नको. प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत पुरतं, त्यापुढे रंग फारसा चढत नाही आणि १० टक्क्यांच्या पुढे तर टाइलच कमजोर होते. ओला माल बघून रंग ठरवू नका, वाळल्यावर तो बराच फिका पडतो. मी बिस्किटाएवढे तुकडे ओततो, मागे टक्केवारी लिहितो, आठवडाभर वाळू देतो आणि ज्या भिंतीवर लावायचेत तिथेच नेऊन दिवसा आणि रात्री लाइट लावून बघतो. कंटाळवाणं आहे पण अख्खी भिंत नको त्या रंगाची होण्यापेक्षा बरं.

कालवायच्या आधी ग्लोव्हज आणि एन ९५ मास्क. सिमेंटने हाताची कातडी भाजते आणि ते लगेच कळत नाही, संध्याकाळी बोटांच्या टोकांना भोकं पडल्यासारखं दिसलं की कळतं. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, त्यामुळे कोरडं घासकाम पण टाळा.

सिमेंट, वाळू, पिगमेंट कोरडंच नीट एकजीव करा. पूर्ण भिंतीचा कोरडा माल एकदम मिसळून हवाबंद ठेवला तर शेड बदलायचा धोका खूप कमी होतो. मग बादलीत आधी पाणी आणि त्यावर कोरडा माल थोडा थोडा, ड्रिलला पॅडल लावून, स्पीड कमी ठेवून. जोरात फिरवलं की हवा भरते. दोन तीन मिनिटं फिरवा, दोन मिनिटं थांबा, परत अर्धा मिनिट.

ओतण्याआधी साच्याला तेल लावायचं असेल तर फक्त पुसल्यासारखं. सिलिकॉनला तसं लागतही नाही. तेलाचा थेंब कोपऱ्यात साचला की तिथे बरोबर पिनहोल म्हणजे टाचणीएवढं भोक आणि डाग येतो.

आता चेहऱ्याचा थर. फायबर नसलेला माल घ्या आणि जुन्या मऊ ब्रशने साच्याच्या तळाला, सगळ्या खाचाखोचांत, अक्षरशः रंगवा. घाई नको, बुडबुडे इथेच मरतात. मग २ ते ३ मिलिमीटर ओता, टेबलाला खालून हाताने किंवा रबरी हातोडीने टकटक करा. ऑर्बिटल सँडर म्हणजे लाकूड घासायचं मशीन असेल तर त्याचा पॉलिश पेपर काढून टेबलाच्या खालून टेकवा, झकास व्हायब्रेटर होतो. बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतात, ते यायचे कमी झाले की थांबा, उगाच पाच पाच मिनिटं हलवत बसलात तर वाळू वेगळी होते. थर किंचित धरला, म्हणजे बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही, की वर फायबरवाला माल. फार उशीर केला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि पुढे पापुद्रा सुटतो. शेवटी मागची बाजू समपातळीत कापा, अर्धवट सेट झाली की त्यावर खाचांची थापी किंवा काटेरी कंगवा फिरवून ओरखडे पाडा.

लगेच प्लास्टिकने झाका पण प्लास्टिक टाइलला टेकता कामा नये. २४ तास हात लावू नका, थंडी असेल तर ३६. ५ अंशांच्या खाली तापमान गेलं तर सिमेंटची क्रिया जवळजवळ थांबतेच.

साचा काढताना टाइल उपटायची नाही, सिलिकॉन सोलायचं. कडांकडून आधी हवा आत जाऊ द्या, एक हलका "फुस्स" आवाज येतो, मग साचा स्वतःच सुटतो. एका दिवसाची टाइल दिसायला घट्ट असते पण नखाने कड उडेल इतकी कच्ची असते, दोन्ही हातांनी धरा.

क्युअरिंगला, म्हणजे टाइल ओलाव्यात ठेवून पक्की होऊ देण्याला, लोक सगळ्यात जास्त हलक्यात घेतात. आपण स्लॅबवर पाणी मारतो तसं रंगीत टाइलवर मारू नका, प्रत्येक थेंबाचा डाग राहतो. सिमेंटमधून निघालेला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा खार बनतो. माझ्याकडे एक गडद करडी टाइल आहे, तिच्यावर प्लास्टिकची घडी टेकली होती तिथे पांढरी रेघ आलीय, अगदी पानाच्या शिरेसारखी, दोन फाटे पण फुटलेत. पाहुणे विचारतात हे डिझाइन कसं केलं, मी काही बोलत नाही. तर करायचं असं, एका झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये तळाला थोडं पाणी, त्यावर जाळी, जाळीवर टाइल्स उभ्या, एकमेकींना न टेकता. ७ दिवस. एवढ्यात साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण हिशोब २८ दिवसांचा. बाहेर काढल्यावरही उभ्याच वाळवा. आडव्या ठेवून वरून पंखा लावला तर वरची बाजू आधी आक्रसते आणि टाइल बशीसारखी वाकते, मग भिंतीवर चारही कोपरे वर. वाळलेली टाइल बोटाच्या पेराने वाजवा, टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत चीर किंवा पापुद्रा आहे, ती बाजूला काढा.

सीलर म्हणजे पाणी आणि डाग आत शिरू न देणारं द्रव, त्याचा एक हात टाइल भिंतीवर लावायच्या आधीच मारा. सिलेन सिलोक्सेनवालं आत मुरणारं सीलर घेतलं तर काँक्रीटचा मूळ लूक राहतो, अ‍ॅक्रेलिकचं लावलं तर रंग गडद होतो आणि चमक येते. टाइल पूर्ण कोरडी असल्याशिवाय नको, आत ओल अडकली की ढगाळ डाग. आणि मागच्या बाजूला सीलर जाऊ देऊ नका, अ‍ॅडेसिव्ह पकडणार नाही.

भिंतीला वजन झेपतं का तेही बघा. वरच्या मापाची एक टाइल १.१ किलोच्या आसपास, चौरस मीटरला २५ टाइल्स, म्हणजे २७ किलो, अ‍ॅडेसिव्ह धरून ३० च्या पुढे. सिमेंट प्लास्टरच्या पक्क्या भिंतीला काही अडचण नाही. जिप्सम बोर्डवर मात्र साधारण ३२ किलो आणि जिप्सम प्लास्टरवर २० किलो प्रति चौरस मीटर ही मर्यादा धरतात, तिथे टाइल ८ मिलिमीटरचीच ओता, आणि जिप्सम प्लास्टर असेल तर त्यातही वजनाचा हिशोब परत करा. रंगवलेली भिंत असेल तर सुटणारा रंग खरवडा, छिन्नीने टवके पाडा, धूळ पुसा.

लावायला पॉलिमरवालं, न घसरणारं टाइल अ‍ॅडेसिव्ह. फिक्या टाइलला पांढरं, करडं कधीकधी आरपार डाग देतं. सुरुवात जमिनीपासून नको, जमीन कधीच लेव्हलमध्ये नसते. दुसऱ्या रांगेच्या खालच्या कडेला लाकडी पट्टी लेव्हल लावून ठोका, तिच्यावरून वर चढा, खालची रांग शेवटी कापून बसवा. भिंतीवर खाचांची थापी आणि टाइलच्या पाठीवर पण पातळ हात. दोन तीन टाइल्स लावल्या की एक उपटून बघा, पाठ जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. हाताने केलेल्या टाइल्स मिलिमीटरभर कमीजास्त असतातच, त्यामुळे ३ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे दोन टाइल्समध्ये सारखी फट ठेवणारे तुकडे, ठेवा, अगदी चिकटवून लावायचा हट्ट केलात तर चौथ्या रांगेत रेषा पळते. वेगवेगळ्या बॅचच्या टाइल्स मिसळून लावा.

ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा माल, दुसऱ्या दिवशी, कोपऱ्यातल्या एका टाइलवर आधी ट्राय करून. उठावाच्या डिझाइनमध्ये ग्राउट शिरलं की काढताना नाकी नऊ येतात, म्हणून अशा टाइल्सना मी कडेने मास्किंग टेप लावतो. वाळल्यावर सीलरचा दुसरा हात. पुसायला साधं पाणी आणि सौम्य साबण, व्हिनेगर किंवा अ‍ॅसिडवाला क्लिनर लावला तर सिमेंटचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि तो डाग पुसून जात नाही.

तीन चार टाइल्स जास्तीच्या ओतून ठेवा आणि मागे पिगमेंटचं वजन आणि बॅच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी एक फुटली तर तोच रंग अंदाजाने परत जुळत नाही, मी पाच वेळा करून पाहिलंय.