वाफसा पाहून बाक हलवा

लॉनवरचा जड बाक हलवताना पाठ ताठ ठेवा, गुडघ्यांतून उचला, बाक ओढू नका, हे बागकामात पहिल्याच दिवशी सगळे सांगतात. कोणी सांगत नाही ती मातीतली ओल. मला ती फार उशिरा कळली. अजूनही सकाळी कोणी "लॉन कोरडंच आहे की" म्हटलं, की माझ्या पोटात गोळा येतो.

ऊन लागलं की गवताची पाती चटकन सुकतात. दोन-तीन इंच खालची माती मात्र ओलीच असते. अशा मातीवर वजन आलं की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबून मिटतात. मुळं गुदमरतात, पाणी मुरत नाही. त्या दिवशी काहीच दिसत नाही, हीच गोम आहे. गवत पिवळं पडतं ते मागाहून, आणि तोवर बोल लागतो खताला, नाहीतर किडीला.

हिशेबच करा ना. १०० किलोचा बाक, चार पाय, प्रत्येक पायाचा तळ ५ बाय ५ सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १ किलो. दोन्ही पायांवर उभ्या माणसाचा भार याहून बराच कमी असतो. बाक दोन पायांवर तोलून गर्रकन फिरवला, की तोच भार दुप्पट होतो, वर मुळं पिळली जातात ती वेगळीच.

म्हणून आधी लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि गवतात उभा दाबा. नुसत्या बोटांच्या जोरावर मुठीपर्यंत गेला, तर काम उद्यावर. तळहाताचा रेटा लावावा लागला, तर चालेल, म्हणजे वाफसा आला, जादा ओल ओसरून मातीत हवा खेळू लागली. झाडाची सावली आणि उताराचा तळ वेगळा तपासा, तिथली ओल हटत नाही. मालक घाई करेल. करू दे.

थांबणं शक्यच नसेल तर वाटेवर १८ मिलिमीटरचं प्लायवूड अंथरा. पातळ प्लाय वाकतं आणि त्याच्या कडा रुततात. दोन तुकडे पुरतात, मागचा उचलून पुढे टाकायचा. वळायचं ते प्लायवरच. काम झालं की लगेच उचला, उन्हात त्याखालचं गवत करपतं. अरुंद, टणक चाकांची ट्रॉली नकोच. फरशीवरच्या सरकपट्ट्या गवतावरही चालतात म्हणणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार.

बाक बैठकीखालच्या आडव्या पट्टीला धरा, हात टेकायच्या दांड्यांना नाही. लाकडी बाकाचे सांधे तिथूनच ढिले होतात. बिडाचा बाक भक्कम दिसतो, पण आपटला तर वाकत नाही, तडकतो. दगडी टेबलाचा वरचा भाग सुटा होत असेल तर काढून उभा न्या. आडवा नेला तर मधोमध मोडू शकतो.

हे काम शिकायला उस्ताद निवडताना एवढंच बघा, की तो दुसरं टोक स्वतः धरतो का. काठावर उभं राहून "लाव जोर" म्हणणाऱ्यांनी मला काहीही शिकवलेलं नाही.

आणि खड्डा पडलाच तर हातपाय गाळू नका, गवत चिवट असतं. वाफसा आला की खड्ड्याच्या कडेने बागेचा काटा (लांब दातांचं खणायचं अवजार) साधारण १० सेंटीमीटर खोल खुपसा आणि दांडा हळूच मागे झुकवून दबलेली माती वर उचला. भोकांत वाळू झाडूने लोटा, पाणी द्या, आणि नवं पातं धरेपर्यंत तिथे कोणाला फिरकू देऊ नका.