शो हँडलरच्या हाताखाली शिकायचंय? मग हे वाचा

हँडलर, म्हणजे डॉग शोमध्ये मालकाच्या वतीने कुत्रा जजसमोर सादर करणारा माणूस, व्हायचंय म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रिंग, म्हणजे जजिंगचं मैदान, असते. पण रिंगमध्ये एका कुत्र्याच्या वाट्याला जजची जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात. बाकीचा दिवस क्रेट (कुत्र्यांचे पिंजरे) धुणं, पाणी बदलणं, कुत्रे फिरवून आणणं यात जातो, आणि असिस्टंट म्हणून तुम्हाला घेतात ते याचसाठी. हे काम कमी दर्जाचं वाटत असेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

कुणी खाणं अर्ध्यावर सोडलं, कुणाची शी पातळ झाली, कोण एका पायावर जरा कमी भार देतंय, हे सगळ्यात आधी तुम्हालाच दिसणार. दिसलं की लगेच हँडलरला सांगायचं, त्या दिवशी मोठा शो असला तरीही. उन्हात उभ्या गाडीत कुत्रा ठेवायचा नाही, ‘फक्त पाच मिनिटं’सुद्धा नाही.

खरं शिक्षण ग्रूमिंग टेबलाशी होतं. पूडलचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, ड्रायरखाली मुळापासून सरळ करत वाळवावा लागतो. तो कुरळाच वाळला तर कात्री कितीही चांगली असली तरी कापणी खालीवर होते. राठ केसांच्या टेरियरना शोसाठी मशीन लावत नाहीत, कारण कापलेला केस मऊ पडतो आणि रंग फिका होतो. त्यांचे मेलेले केस बोटांनी उपटतात आणि त्याची सुरुवात शोच्या कित्येक आठवडे आधी होते. किती उपटायचं, कुठे थांबायचं हे हाताला कळावं लागतं. व्हिडिओ पाहून ते येत नाही, निदान मला तरी आलं नाही.

स्टॅक करताना, म्हणजे कुत्र्याला जजसमोर नीट उभं करताना, नवखी माणसं पंजा धरून पाय ओढतात. कुत्रा तो हिसकावून घेतो. पुढचा पाय कोपरापाशी धरून उचला आणि अलगद ठेवा. सर्वसाधारणपणे पुढचे पाय खांद्याखाली सरळ आणि मागे हॉकपासून (मागच्या पायाच्या घोट्याच्या सांध्यापासून) खालचा भाग जमिनीला काटकोनात हवा. जर्मन शेफर्डचा मात्र एक मागचा पाय पुढे, पोटाखाली घेतात. पळवताना वेग फार कमी ठेवला तर काही कुत्रे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत उंटासारखे चालू लागतात. असं झालं की लीडला, म्हणजे हातातल्या दोरीला, हलका झटका देऊन त्याला पुन्हा ट्रॉटमध्ये, म्हणजे तिरपे समोरासमोरचे दोन पाय एकदम टाकणाऱ्या दुडक्या चालीत, आणायचं.

ज्या जाती सांभाळता त्यांचं ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे ती जात कशी असावी याचं अधिकृत वर्णन, वाचाच, आणि तेही ज्या संस्थेचा शो आहे तिचं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेत जातींचे 10 गट आहेत, अमेरिकन केनेल क्लबमध्ये 7. डॅक्सहुंडला एफसीआयने स्वतंत्र गट दिलाय, अमेरिकेत तो हाउंड गटात येतो.

रिंगमध्ये जायची पहिली संधी बहुधा अचानक येते. हँडलरचे एकाच जातीचे दोन कुत्रे आपापल्या वर्गात जिंकतात, दोघांना ‘बेस्ट ऑफ ब्रीड’साठी (त्या जातीतला सर्वोत्तम कुत्रा निवडायच्या फेरीसाठी) एकदम उतरायचं असतं, आणि दुसरी लीड तुमच्या हातात येते. म्हणून शोच्या दिवशी कपडे नेहमी नीटनेटके, बूट मऊ तळाचे आणि खिशात कुत्र्याचं लक्ष वेधायचा खाऊ (बेट) तयार हवा. रिंगमध्ये कुत्रा जज आणि तुमच्या मध्ये राहील हे पाहा, आणि जजने विचारल्याशिवाय बोलू नका. रिंगबाहेरही कुठल्याच कुत्र्याबद्दल मोठ्याने मत देऊ नये. त्याचा मालक हमखास मागेच उभा असतो.

हँडलर निवडताना ट्रॉफ्या मोजू नका. हरल्यावर तो कुत्र्याशी कसा वागतो ते पाहा. त्याला पाहून कुत्रे शेपटी हलवत येतात की दबकतात? काम सुरू करण्याआधी पैसे किती, प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा, एका वेळी किती कुत्रे तुमच्यावर सोपवणार आणि एखाद्याला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हे विचारून लेखी घ्या. असं विचारल्यावर चिडणारा हँडलर भेटला तर दुसरा शोधा.