लांब राइडसाठी रोड बाइकची फ्रेम निवडताय? या चुका टाळा

तवसाळच्या जेटीवर फेरीबोटीतून सायकल उतरवली, कोकम सरबताच्या बाटलीचं झाकण फिरवायला गेलो, तर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. दिसत होती, पण चिमटा काढला तरी कळत नव्हतं. रत्नागिरीहून पहाटे निघून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगडला आलो होतो, म्हणजे अर्धाच रस्ता झाला होता. पुढे हेदवीच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक दाबताना बोटांत जोर येईना, तेव्हा पोटात गोळा आला. त्या दिवशी गुहागरपर्यंतचे मोठे उतार मी सायकल हातात धरून चालत उतरलो.

नंतरची दोन वर्षं मी जेलचे हातमोजे घेतले, हँडलला जाड टेप गुंडाळली, सीट बदलली, मग आणखी एकदा सीट बदलली. दोष यातल्या कशातच नव्हता. माझी उंची 170 सेंमी आणि सायकल 56 नंबरची, रेसिंगच्या बांध्याची. ज्या शहरातल्या दुकानातून ती घेतली तिथे विकणाऱ्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाय लांब आहेत, 56 आरामात बसेल." पाय खरोखरच बसले. सीटची उंची बरोबर आली, दांडा दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहता आलं. माझं धड आणि हात त्या हँडलपर्यंत कसे पोहोचणार, याचा विचार त्याने केला नाही आणि मीही केला नाही.

या विषयात एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगेन. पायांमुळे सीटची उंची ठरते, आणि ती दहा-बारा सेंमी वरखाली करता येते. फ्रेम ठरते ती धड आणि हातांवरून, आणि ती एकदा घेतली की बदलता येत नाही.

किनाऱ्याच्या रस्त्यावर ही चूक फार लवकर उघडी पडते. नकाशावर सागरी महामार्ग समुद्राला लागून जाणारा, म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात पूल नसलेल्या प्रत्येक खाडीला जेटीपर्यंत खाली उतरायचं, बोटीने पलीकडे जायचं आणि पुन्हा घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर यायचं. दाभोळ-धोपावे तसंच, बागमांडला-वेश्वी तसंच. चढावर हात हँडलच्या मधोमध, उतारावर हूड्सवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, सतत ब्रेक. हँडल लांब असेल तर प्रत्येक उतारावर कोपर ताठ होतात आणि सगळं वजन तळहातावर येतं. करंगळीकडे जाणारी नस तळहाताच्या नेमक्या त्याच कडेने जाते, म्हणून तीच दोन बोटं आधी झोपतात.

फक्त उंचीवरून साइज ठरवणं

कंपनीच्या वेबसाइटवर तक्ता असतो: 168 ते 174 सेंमी, साइज अमुक. सुरुवातीच्या अंदाजापुरता ठीक आहे, त्यापुढे नाही. माझा आतेभाऊ आणि मी अगदी एका उंचीचे. माझ्या पायाची आतली लांबी 82 सेंमी, त्याची 77. म्हणजे त्याचं धड माझ्यापेक्षा पाच सेंमी लांब. आम्हा दोघांना तक्ता एकच सायकल देतो.

हे माप घरच्या घरी घ्या, पण नीट घ्या. पँटच्या मापावर जाऊ नका. अनवाणी उभे राहा, पाठ भिंतीला, टाचा भिंतीला टेकलेल्या, दोन पायांत साधारण वीतभर अंतर. पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक मांड्यांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं घट्ट वर ओढा. पुस्तकाची एक कड भिंतीला पूर्ण टेकलेली हवी, नाहीतर ते तिरकं होतं आणि माप चुकतं. सुताराचा गुण्या असेल तर पुस्तकापेक्षा तो बरा. दुसऱ्या कोणाला तरी वरच्या कडेशी पेन्सिलने खूण करायला सांगा. तीन वेळा मोजा. जुन्या घरांतली जांभ्याची भिंत खडबडीत असते आणि जमीनही सगळीकडे समपातळीत नसते, म्हणून मी दाराच्या चौकटीशी मोजतो.

या मापाला 0.883 ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या सांध्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर येतं. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हे सूत्र प्रसिद्ध झालं. माझं उत्तर 72.4 सेंमी, आतेभावाचं 68. तेव्हाच्या पेडल आणि बुटांपेक्षा आताचे पातळ असतात, म्हणून तीन-चार मिमी कमी करून सुरुवात करावी. आता बघा, माझी सीट त्याच्यापेक्षा चार सेंमी उंच, धड मात्र पाच सेंमी आखूड. मला हँडल जवळ आणि वर हवं, त्याला लांब आणि खाली चालतं. एका साइजच्या एका मॉडेलमध्ये आम्ही दोघं मावणं कठीणच.

54 म्हणजे 54 असं समजणं

पूर्वी टॉप ट्यूब (सीटकडून हँडलकडे जाणारा वरचा दांडा) जमिनीला समांतर असायची आणि नंबर म्हणजे सीट ट्यूबची (सीटखालच्या उभ्या नळीची) लांबी सेंमीमध्ये. पायाच्या मापाला 0.65 ने गुणायचं, आला नंबर. 1990 च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने माइक बरोज यांच्या आराखड्याची टीसीआर ही सायकल आणली. तिची टॉप ट्यूब मागे उतरती होती आणि फ्रेम मोजक्याच साइजमध्ये मिळायची. पुढे बहुतेकांनी तसाच बांधा उचलला. सीट ट्यूब आखूड झाली, नंबर मात्र चालू राहिले. आज एका कंपनीची 54 दुसरीच्या 52 एवढी असू शकते, आणि तिसरी कंपनी नुसतं एम लिहून मोकळी होते.

म्हणून नंबर सोडा आणि जॉमेट्रीच्या, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या तक्त्यात दोन आकडे शोधा. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या, फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या) माथ्यापर्यंतचं उभं अंतर. रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. सीट कुठेही असो, हे आकडे बदलत नाहीत. 'इफेक्टिव्ह टॉप ट्यूब' हा आकडा मात्र फसवतो. सीट ट्यूबचा कोन एक अंशाने बदलला तर सीटच्या उंचीला ती जवळपास एक सेंमी पुढेमागे सरकते, आणि टॉप ट्यूब तेवढीच असूनही रीच वेगळा निघतो.

आता एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. दोन सायकलींचा रीच सरळ शेजारी ठेवून तुलना करायची नाही. हेड ट्यूब मागे झुकलेली असते, त्यामुळे स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या आडव्या तुकड्याखाली) 10 मिमी स्पेसर, म्हणजे जाड कडं घातलं की हँडल वर जाता जाता सुमारे 3 मिमी मागेही येतं. समजा पहिल्या सायकलचा स्टॅक 540 आणि रीच 385, दुसरीचा 560 आणि 382. वाटतं, दुसरी आखूड. पण पहिलीला त्या उंचीवर आणायला 20 मिमी स्पेसर लागतील, आणि मग तिचा रीच उरेल साधारण 379. म्हणजे लांब आहे ती दुसरी. आधी स्टॅक सारखा करून घ्यायचा, मग रीच बघायचा.

माझ्या त्या 56 चा स्टॅक 565 आणि रीच 395 होता. आताची सायकल 52 नंबरची, एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याच्या बांध्याची. स्टॅक 561, रीच 371. नंबर चार घरं खाली आला, उंची जवळजवळ तेवढीच राहिली, हँडल मात्र अडीच सेंमी जवळ आलं. सायकल आधी चालवून पाहायला आमच्या बाजूला दुकानं कमी, त्यामुळे पुण्या-मुंबईला फोन करण्याआधी हे आकडे कागदावर उतरवून ठेवणं खूप उपयोगी पडतं. आधीची एखादी सायकल अंगाला बसत असेल तर तिचाच स्टॅक-रीच काढा आणि त्याच्या आसपास शोधा.

"थोडी मोठी असू दे, स्टेम छोटा लावू"

एक सेंमीची चूक स्टेमने सुधारते, तीन सेंमीची नाही. रोड बाइकला 80 ते 120 मिमीचा स्टेम शोभतो. मी 56 वर शेवटी 60 चा लावला होता. हात जवळ आले, पण सायकल उतारावर बिचकायला लागली. जरा हात हलला की पुढचं चाक वळायचं. आरे-वारेसारख्या वळणाच्या रस्त्यावर असा स्टेम मी कोणालाही सुचवणार नाही.

उलट चूकही तितकीच होते. लहान फ्रेम घेऊन सीटपोस्ट (सीटची दांडी) भरपूर वर काढायची. तिच्यावर किमान किती आत राहायला हवी याची रेघ असते, ती दिसायला लागली तर थांबा, फ्रेम तडकू शकते. शिवाय सीट वर गेली तरी हँडल खालीच राहतं. लांब पल्ल्याला नवख्या माणसाने हँडल सीटच्या बरोबरीने किंवा दोन-चार सेंमी खाली ठेवावं, असं माझं मत आहे. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर हिशोब असा करा: लहान साइजमध्ये ती उंची गाठायला तीन सेंमीपेक्षा जास्त स्पेसर लागत असतील तर मोठी बघा, नाहीतर लहानच घ्या.

सेकंडहँड सायकल घेणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. आधीच्या मालकाने आपल्या आवडीप्रमाणे फोर्कची (पुढच्या चाकाच्या चिमट्याची) वरची नळी, जिच्यावर स्टेम बसतो, कापलेली असते. एकदा कापली की वरती स्पेसर चढवता येत नाहीत. फोटो मागवताना स्टेमचा बाजूने जवळून फोटो मागा. स्टेमच्या वर किंवा खाली एकही स्पेसर नसेल तर तक्त्यातला स्टॅक कितीही चांगला असो, तुम्हाला हँडल वर घेण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. वर चढणारा कोनाचा स्टेम लावून एक-दोन सेंमी मिळतात, तेवढंच.

दिसायला छान म्हणून रेसिंगचा बांधा

तरुण मुलं हट्टाने हेच घेतात. तुमची राइड दोन तासांची असेल तर घ्या. 200 किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. इतका वेळ मान वर करून समोर बघायचं आहे, हे लक्षात ठेवा. एन्ड्युरन्स बांध्यात स्टॅक जास्त, रीच कमी आणि बहुतेक मॉडेलमध्ये 32 मिमीचं टायरही बसतं. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांना तेच हवं.

दुकानात पाच मिनिटं बसून ठरवणं

सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावायला सांगा आणि वीस मिनिटं पेडल मारा. हात हूड्सवर ठेवा आणि कोपर सैल आहेत का बघा. दांड्यावर उभं राहून दोन बोटं जागा मोजण्याच्या जुन्या पद्धतीचा तिरक्या टॉप ट्यूबवर काही उपयोग नाही. लहान साइज घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पेडल पुढे असताना हँडल पूर्ण वळवा. बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का? लहान फ्रेममध्ये ते बऱ्याचदा लागतं आणि वेगात कधी जाणवत नाही, पण जेटीच्या शेवाळलेल्या उतारावर, बोटीच्या फळीकडे हळू वळताना माझी बहीण त्यामुळेच आडवी झाली होती. गुडघ्याला चार टाके पडले. आता ती तिथे सायकलवरून उतरते.

सायकल आधीच घेतली असेल तर

आधी सीटची उंची लावा, मग सीट पुढेमागे, आणि शेवटी स्टेम. हा क्रम उलटा करू नका. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ढकलणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. हात सुटतात आणि गुडघे अडकतात. क्रँक (पेडलचा दांडा) आडवा करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडा. तो पेडलच्या मध्याच्या आसपास यायला हवा. हा काटेकोर नियम नाही, पण सीट फार पुढे गेली असेल तर लगेच कळतं.

गुडघा पुढून दुखतो तेव्हा सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते, मागून दुखतो तेव्हा वर किंवा फार मागे. मागून येणाऱ्या सायकलस्वाराला विचारा, कंबर डावी-उजवी डोलतेय का? डोलत असेल तर सीट पाच मिमी खाली घ्या. हात बधिर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना ते तपासा. झुकलेल्या सीटवरून माणूस पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला अडवत राहतो. मान आणि खांदे भरून येत असतील तर हँडल लांब, खाली किंवा खांद्यांपेक्षा रुंद आहे. एका वेळी एकच बदल करा आणि भाट्याचा पूल, गोळपचा चढ, पावस असा आपला रोजचा एखादा रस्ता करून बघा. ओळखीच्या रस्त्यावर शरीरातला फरक लगेच कळतो.

हे सगळं करून स्टेम 80 वर आला, स्पेसर सगळे खाली गेले आणि तरीही कोपर ताठच राहतात, तर ती फ्रेम तुमची नाही. विका. मी दोन वर्षं थांबलो, आणि तेवढा काळ डाव्या हाताने डबा उघडत राहिलो.

एक काम आजच करा. खाऱ्या हवेत सीटपोस्ट फ्रेममध्ये धरून बसते आणि मग सीट वर-खाली होतच नाही. तिच्यावर सध्याच्या उंचीला इन्सुलेशन टेपची खूण करा, ती बाहेर काढा, आतला गंज आणि मीठ पुसा. फ्रेम आणि सीटपोस्ट दोन्ही धातूची असतील तर ग्रीस, दोन्हींपैकी एकही कार्बनची असेल तर कार्बन पेस्ट लावून पुन्हा त्याच खुणेवर बसवा. किनाऱ्यावर राहत असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी.